डूख कुठे राहतो?

चि. लेखकमहाशय, अनेक आशीर्वाद.

कादंबरीचा खर्डा वाचला. रात्री अकराला हातात घेतला तो दीडला खाली ठेवला, त्यामुळे ओघाबद्दल काही म्हणायचं नाही. पण बाराव्या पानावर नायकाच्या डोक्यात सळई बसते, तो सगळं विसरतो, आणि शेवटी जिन्यावरून गडगडला की सगळं आठवतं. तो जिना आधी पाड. डोकं म्हणजे जुना रेडिओ नव्हे, थापटला की लागायला.

तुझा नायक विसरलाय तरी काय? मार बसण्याआधीचं, की त्यानंतरचं काही टिकतच नाही? पान बदललं की तुझं उत्तर बदलतं. 'मेमेंटो' (2000) आणि पुढे 'गजनी', या दोन्ही सिनेमांत दुसरा प्रकार आहे. 'मेमेंटो'त बायकोवर बेतलेला प्रसंग नायकाला पक्का आठवतो, पण थोड्या वेळापूर्वी कुणाशी बोललो ते नाही. म्हणून अंगावर गोंदणं आणि फोटोंवर टिपणं. 'मेमेंटो'तले रंगीत प्रसंग उलट्या क्रमाने येतात, त्यामुळे आधी काय झालं हे आपल्यालाही ठाऊक नसतं. तू मात्र तिसाव्या पानावरच खुनी दाखवून टाकलास.

सूड म्हणजे उधारी, तिला वही लागते. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर मेव्हणा नायकाला वही वाचून दाखवतो आणि हा लगेच सुरा घेऊन निघतो. अरे, वही मेव्हण्याच्या हातात आहे! त्यात नाव कुणाचं घालायचं हे तोच ठरवणार. तुझी खरी गोष्ट इथे आहे आणि तू दोन ओळींत उरकलीस.

आणि शरीराला विसरू नकोस. जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांनी 1911 साली एका बाईची हकिकत छापली. तिला नवं काहीच लक्षात राहत नसे. एकदा त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. बाई टोचल्याचं विसरली, पण पुढे त्यांनी हात केला की आपला मागे घ्यायची. का, असं विचारलं तर म्हणे, लोकांच्या हातात कधीकधी टाचण्या असतात! माझी आत्या शेवटच्या दोन वर्षांत आम्हाला कुणालाच ओळखत नव्हती. धाकट्या दिराचं नाव निघालं की मात्र जेवणाचं ताट बाजूला सरकवायची. कारण तिलाही सांगता येत नसे.

डूख असा धरलेला असतो, बोटांत. तुझ्या नायकाला सुरा चालवायला कुणी शिकवलं हे त्याला आठवायची गरज नाही. हेन्री मोलेसनवर 1953 साली फिट्ससाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्याची नवी आठवण धरण्याची शक्ती गेली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावत. रोज तो म्हणे, हे मी पहिल्यांदाच करतोय, आणि रोज त्याची रेघ आदल्या दिवसापेक्षा सरळ येई.

बाकी बाजाराचं वर्णन लांबलंय, ते तूच छाट. अठ्ठ्याऐंशीवं पान तेवढं नव्याने लिहून आण. मेव्हणा वही उघडतो तेव्हा नायकाचा हात कुठे जातो, एवढंच दाखव.