केंद्राचा अर्थसंकल्प संतुलित का होत नाही? विरोधात असताना तुटीवर ओरडणारे पक्ष सत्तेत आल्यावर गप्प का होतात?

कारण तुटीचा आकडा दोन्ही बाजूंना एकमेकांवर फेकून मारण्यापुरताच हवा असतो. दर फेब्रुवारीत याच विषयावर माझं आणि मेहुण्यांचं वाजतं, म्हणून लिहायला बसलो.

आमचा ऑफिस फर्निचरचा छोटा कारखाना आहे. एका केंद्रीय कार्यालयाला टेबलं आणि लोखंडी कपाटं पुरवली. जानेवारीत माल पोचला, तपासणी झाली, चलनावर सही-शिक्का मिळाला. मग मार्चभर लेखा शाखेत खेटे. ३१ मार्चला संध्याकाळी तिथले बाबू म्हणाले, "शेठ, या हेडला पैसेच उरले नाहीत. बिल पुढच्या वर्षात टाकू." माझ्यासमोर त्यांनी फाइलवरचं वर्ष खोडून पेन्सिलीने पुढचं लिहिलं. पैसे दिवाळीच्या तोंडावर आले. तोवर बँकेतल्या कॅश क्रेडिट कर्जाचं व्याज माझ्या डोक्यावर, आणि बिलावरचा १८ टक्के जीएसटी तर मी फेब्रुवारीतच भरून बसलो होतो.

आता यात तुटीचं काय झालं ते बघा. केंद्राचा हिशेब रोखीचा, म्हणजे पैसा प्रत्यक्ष आला किंवा गेला तरच नोंद. माझ्या जीएसटीतला केंद्राचा वाटा त्या वर्षीच्या जमेत आला, माझं देणं खर्चात आलंच नाही. मेहुणे मात्र त्याच वर्षीच्या आकड्यावरून शिस्तीचे गोडवे गात होते!

मोठ्या रकमांचंही असंच चालतं आणि दोघांनी केलंय. २००७-०८ मध्ये तूट जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर आली म्हणून काँग्रेसवाले छाती काढतात. पण त्या काळात तेल कंपन्यांना रोख अनुदानाऐवजी रोखे (पुढे व्याजासह पैसे देण्याची सरकारी हमीपत्रं) दिले जात होते. ते तुटीत दिसले नाहीत, व्याज पुढच्या सरकारांनी भरलं. भाजपच्या काळात रेशनचं धान्य खरेदी करणाऱ्या अन्न महामंडळाचं अनुदान अल्पबचत निधीच्या (पोस्टातल्या वगैरे बचतीच्या) कर्जावर ढकललं गेलं. २०२१ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री सीतारामन यांनी ते उघड हिशेबात आणलं, तेव्हा अन्न अनुदान १.१५ लाख कोटींवरून ४.२२ लाख कोटींवर गेलं. (त्यात कोविडच्या मोफत धान्याचाही वाटा होता, हे खरं.)

२००३ चा वित्तीय शिस्तीचा कायदा वाजपेयी सरकारने केला, लागू झाला मनमोहन सिंग सरकारच्या काळात. महसुली तूट (पगार, व्याज, अनुदानं अशा चालू खर्चाला चालू उत्पन्न कमी पडतं ती) शून्यावर आणायचं त्यातलं बंधन २०१८ मध्ये काढूनच टाकलं. माझ्या मते खरी मेख तिथे आहे. २०२५-२६ च्या अंदाजात ५०.६५ लाख कोटींच्या खर्चापैकी १२.७६ लाख कोटी नुसतं व्याज आहे. तूट भरायला नवं कर्ज १५.६९ लाख कोटींचं, म्हणजे त्यातला मोठा भाग जुन्या कर्जाच्या व्याजाएवढाच.

तूट मुळातच वाईट असं मी म्हणत नाही. २००८ किंवा २०२० सारख्या वर्षी सरकारने हात आखडता घेतला असता तर आमच्यासारखे कारखाने बंदच पडले असते. रस्ते-रेल्वेसाठी कर्ज काढायलाही हरकत नाही.

पण लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा कायदा २००६ पासून आहे. जे सरकारी खातं तो मोडेल, त्याचं थकलेलं देणं त्याच वर्षीच्या तुटीत मिळवा. मेहुणे म्हणतात, असं केलं तर कुठल्याच सरकारचा आकडा जुळणार नाही. नाही जुळला तर नाही जुळला, खरा आकडा छापा आणि मग भांडा.