धरणातून हवी तेव्हा वीज घ्यायची आणि नदीही सावरायची, हे एकत्र जमते का?

मी सोलापूरचा आहे, त्यामुळे उत्तर भीमेच्या काठावरून देतो. माझ्या मते हे बऱ्याच अंशी जमते. मात्र पाणी किती सोडले याच्या आधी ते किती वेगाने चढवले आणि उतरवले, हे पाहावे लागते.

दिवस मावळला की सौरवीज थांबते आणि नेमकी तेव्हाच मागणी वाढते. जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू होतो, म्हणून तो भार त्याच्यावर पडतो आणि खालच्या पात्राला रोज पूर, रोज दुष्काळ सोसावा लागतो. भीमेवरच्या उजनी धरणाचा संच अवघ्या १२ मेगावॉटचा असल्याने आमच्याकडे असा चढउतार विजेपेक्षा आवर्तनामुळेच, म्हणजे ठरावीक काळाने सोडल्या जाणाऱ्या पाण्यामुळेच, दिसतो. शहरासाठी औज बंधाऱ्याकडे नदीतून सोडलेले पाणी बंद झाले, की खडकातल्या खळग्यांत माशांची बोटभर पिल्ले अडकतात आणि बगळ्यांची चंगळ होते. विसर्ग एकदम न तोडता टप्प्याटप्प्याने उतरवला, तर त्यांतली पुष्कळशी पाण्याबरोबर डोहात जातील.

दगडांना चिकटलेली कीटकांची अंडी मात्र कुठे जाणार? ती वाळली की माशांचे खाद्यच संपते. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणातून २०१८ च्या उन्हाळ्यात, विजेची मागणी कमी असणाऱ्या शनिवार-रविवारी, विसर्ग कमी आणि एकसारखा ठेवण्यात आला. त्या दोन दिवसांत पाण्याच्या कडेला घातलेली अंडी पुढे आठवडाभर पाण्याखाली राहतात, कारण पाणी त्या पातळीच्या खाली जात नाही. मला ही युक्ती फार आवडते, कारण तिच्यात विजेचे नुकसान थोडे आहे.

दुसरा मार्ग म्हणजे वीजगृहाखाली लहान बंधारा बांधून चढउतार तेथेच जिरवणे आणि पुढे संथ पाणी सोडणे (अर्थात तो बंधाराही माशांची वाट अडवतोच). घाटघरच्या २५० मेगावॉटच्या उदंचन (पाणी पुन्हा वर चढवून वापरण्याच्या) प्रकल्पात तेच पाणी दोन जलाशयांत वरखाली फिरते, त्यामुळे लवचीक विजेसाठी नदीत रोज नवा लोंढा सोडावा लागत नाही.

पुण्याजवळच्या मुळशी धरणाला यातले काहीच पुरणार नाही. तेथे भीमेच्या खोऱ्यातले पाणी वीजनिर्मितीसाठी घाट उतरून कोकणात भिऱ्याच्या वीजगृहाला जाते आणि त्यातले बहुतेक परत येत नाही. त्यातला काही वाटा धरणाखालच्या मुळा नदीत सोडायचा, तर तेवढ्या विजेवर पाणी सोडावेच लागेल.