लेक महिनाभर तंबूत झोपणार म्हणते!

ताई, आमची मुलगी ड्यूक विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. परवा फोनवर म्हणाली, जानेवारीपासून मैत्रिणींबरोबर स्टेडियमबाहेर तंबूत राहणार. कशासाठी, तर बास्केटबॉलच्या एका मॅचसाठी! होस्टेलच्या खोलीचे पैसे आम्ही भरतोय आणि ही थंडीत जमिनीवर झोपणार. वर तोंडाला निळा रंग फासून दोन तास ओरडणार. तिचे बाबा आधी तडकले, मग 'मीही वानखेडेबाहेर तिकिटासाठी रात्र काढलीय' असं पुटपुटून गप्प झाले. आता बोलायचं कोणी?
— न्यू जर्सीतली एक आई

ताई,

बोला तुम्हीच, पण थंडीवरून सुरुवात करू नका. तो विषय तिच्या विद्यापीठातल्या पोरांनी तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त बारकाईने हाताळलाय.

ती जिथे राहणार आहे त्या हिरवळीला शशेफ्स्कीव्हिल म्हणतात, तोंडी के-व्हिल. 1980 ते 2022 अशी बेचाळीस वर्षं ड्यूकचे बास्केटबॉल कोच असलेल्या माइक शशेफ्स्कींचं नाव. त्यांच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग K ने सुरू होतं, म्हणून 'के'. 1986 साली काही मुलांनी नॉर्थ कॅरोलायना, म्हणजे शेजारच्या चॅपेल हिलच्या संघाविरुद्धच्या मॅचसाठी आदल्या दिवसांपासून तंबू ठोकले आणि प्रथा पडली. दोन्ही विद्यापीठांमध्ये दहा-बारा मैलांचं अंतर आणि भाऊबंदकीला शोभेल असं वैर. ड्यूकचं कॅमेरॉन स्टेडियम 1940 चं, जागा जेमतेम 9,314. त्यातल्या मैदानालगतच्या बाकांवर बाराशेच्या आसपास विद्यार्थी मावतात. विद्यार्थ्यांना तिकीट फुकट असतं, त्यामुळे जागेची किंमत वेळेत मोजायची.

एका तंबूत बारा जण. काळा, निळा, पांढरा असे मुख्य प्रकार. काळा सगळ्यात आधी सुरू होतो, सगळ्यात कडक असतो आणि रांगेत सगळ्यात पुढे उभा राहतो. त्यात दिवसा कोणीतरी तंबूत हजर हवं आणि रात्री बहुतेकांनी तिथेच झोपायचं. पांढरा उशिरा सुरू होतो, त्यात रात्रीही थोडीच माणसं लागतात. तुमची लेक कोणत्या रंगात आहे हे आधी विचारा, कारण दीड महिन्याचा आणि पंधरवड्याचा प्रश्न एकच नाही.

शिस्त पोरंच लावतात. विद्यार्थ्यांमधूनच निवडलेले 'लाइन मॉनिटर' रात्री-अपरात्री भोंगा वाजवतात आणि हजेरी घेतात. पुरेशी माणसं नसली की आधी ताकीद, पुन्हा चुकलं तर तंबू थेट रांगेच्या शेवटी. पण पारा फारच घसरला, बर्फ पडला, वीज कडाडायला लागली, की हेच मॉनिटर 'ग्रेस' जाहीर करतात आणि सगळ्यांना खोलीवर पिटाळतात. डरहॅमला, म्हणजे ड्यूकच्या गावी, जानेवारीत रात्री पारा शून्याच्या आसपास घुटमळतो. चांगली स्लीपिंग बॅग, खाली ओल अडवणारी ताडपत्री, हातमोज्यात घालायची गरम पाकिटं एवढं पुरतं. तंबूत शेगडी किंवा मेणबत्ती मात्र अजिबात नको, हे एकदा स्पष्ट सांगा आणि विषय मिटवा. डिंकाचे लाडू पाठवायचे असतील तर बारा जणांचा हिशोब धरून पाठवा. तुमच्या लेकीच्या वाट्याला दोन येतील.

अभ्यासाचं काय, हा प्रश्न रास्त आहे. बारा जणांच्या पाळ्यांचा तक्ता तंबूतल्या कुणीतरी बनवलेला असतोच. तो तिला दाखवायला सांगा. तपासायला म्हणून नाही, 'तुझ्या पाळ्या कोणत्या दिवशी?' एवढ्या कुतूहलाने. मिडटर्मच्या आदल्या रात्री तिचं नाव असेल तर ती स्वतःच ते बदलून घेईल. मॅचच्या आधीच्या शेवटच्या दिवसांत वैयक्तिक हजेऱ्या असतात. त्या तारखांना घरी बोलावू नका, आत्याच्या मुलाचा साखरपुडा असला तरी.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते सांगते. तुम्ही पत्रात 'ओरडणार' असं एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबले.

या मुलांना 'कॅमेरॉन क्रेझीज' म्हणतात आणि त्यांचं ओरडणं ठरवून केलेलं असतं. प्रतिस्पर्धी खेळाडू कोण, त्याची कुठली गोष्ट चिडवण्यासारखी आहे, त्याने सोशल मीडियावर काय टाकलंय, हे सगळं आधी खणून काढतात आणि मॅचआधी कागदावर वाटतात. बरंचसं खरंच गमतीदार असतं. चेंडू रिंगलाही न लागता खाली पडला की 'एअर बॉल' असं एका सुरात गाण्याचं श्रेय 1979 च्या चॅपेल हिलविरुद्धच्या मॅचसाठी याच पोरांना दिलं जातं.

पण जानेवारी 1984 मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या एका खेळाडूवर लैंगिक अत्याचाराचा आरोप होता, तर क्रेझीजनी त्याच्या दिशेने बायकांची अंतर्वस्त्रं भिरकावली. ज्या मुलीवर प्रसंग आला तिचं काय, हे त्या गर्दीत कुणाच्या डोक्यातही आलं नसावं. त्या वेळी विद्यापीठाचे अध्यक्ष होते टेरी सॅनफर्ड, नॉर्थ कॅरोलायनाचे माजी गव्हर्नर. त्यांनी शिक्षा केली नाही. विद्यार्थ्यांना एक पत्र लिहिलं, शिव्या आणि घाणेरडेपणा आवरा म्हणून, आणि खाली सही केली 'अंकल टेरी'. पुढची घरची मॅच चॅपेल हिलशी होती. पोरं डोक्यावर चंदेरी कागदाची देवदूतांसारखी वलयं घालून आली आणि रेफरीचा निर्णय पटला नाही की शिवीऐवजी 'आम्ही नम्रपणे असहमत आहोत' अशा अर्थाची घोषणा द्यायला लागली. चिडवणं तेवढंच तिखट, आणि कुणाच्या आईबहिणीचा उद्धार नाही. मला हा प्रसंग फार आवडतो, आणि सॅनफर्डचा टोन तर तुम्ही उचलावाच असा आहे.

तर लेकीला हे विचारा: तुझ्या बाजूचे एखाद्याच्या रंगावरून, उच्चारांवरून, घरच्या दुःखावरून ओरडायला लागले तर तू काय करशील? गप्प राहायला फार धाडस लागत नाही, तोंडावर रंग असतो, कुणाला कळतही नाही. पण ते आधी ठरवलेलं असावं लागतं. बाराशे जणांच्या लयीत ऐनवेळी विचार सुचत नाही. परदेशात वाढलेल्या आपल्या मुलांना शाळेत नावावरून, डब्यातल्या वासावरून चिडवलेलं आठवत असतं. तुम्हाला फार समजवावं लागणार नाही, त्यांना फक्त आठवण करून द्यायची.

दुसरं, मैदानात घुसायचं नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये वेक फॉरेस्ट विद्यापीठाने स्वतःच्या मैदानावर ड्यूकला हरवल्यावर प्रेक्षक मैदानात धावले आणि ड्यूकचा काइल फिलिपोव्स्की त्या गर्दीत सापडून जखमी झाला. सात फुटी खेळाडूची ती गत, तर आपली पाच फुटी कन्या.

ज्यांची मुलं एम.एस. किंवा पीएच.डी.ला ड्यूकला आहेत, त्यांच्यासाठी जाता जाता: के-व्हिलची ही रांग पदवीच्या मुलांची. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा वेगळा 'कॅम्पआउट' सत्राच्या सुरुवातीच्या काळात एका शनिवार-रविवारी होतो आणि तिकिटं सोडतीने मिळतात. एका वीकेंडचा प्रश्न आहे, जाऊ द्या.

तिकीट आपल्यालाही मिळेल या आशेवर तुम्ही दोघं डरहॅमला निघू नका. टीव्हीवर बघा. विद्यार्थ्यांचे बाक मुख्य कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूला असतात, त्यामुळे निळ्या तोंडांमध्ये लेक दिसायची बरीच शक्यता आहे. आणि ड्यूक जिंकलं तर नंतर कॅम्पसवर लाकडी बाकं पेटवतात. ही जुनी रीत आहे आणि त्यासाठी अग्निशमन दलाची रीतसर परवानगी घेतलेली असते. हे साताऱ्याच्या आजीला मॅचच्या आदल्या दिवशीच कळवून ठेवा, नाहीतर पहाटे व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाहून त्या पहिला फोन तुम्हालाच करतील.