हो नको, नाही नको, आधी तारीख सांग

बेटा,

परवा तू पप्पांसोबत घरी आली तेव्हा तुझा फोन सारखा वाजत होता आणि तू नंबर पाहून तो उलटा ठेवत होती. काकूला वाटलं कोणी पोट्टा त्रास देऊन राहिला. मग कळलं की पुण्याच्या ज्या कंपनीने तुला नोकरीची ऑफर दिली आणि शुक्रवारपर्यंत उत्तर मागितलं, तिची एचआर आहे. अगं, जिच्या फोनसाठी उन्हाळाभर चार्जिंग सांभाळत बसली, तिचाच फोन आता उचलत नाहीस, ही कोणती रीत? समोर काही बोललो नाही कारण पप्पा बसले होते आणि त्यांचं एकच चालू होतं, आत्ता हो सांगून टाक, इथे नागपुरातल्या मिहानच्या ज्या कंपनीत मुलाखत झाली तिचं आलं तर मग पाहून घेऊ. पप्पांबद्दल मला आदर आहे, पण हा सल्ला मला पटला नाही आणि ते मी त्यांना पण सांगणार आहे.

तू हुशार आहेस, तुला कुठेही नोकरी मिळेल वगैरे मी लिहीत बसत नाही. खोटं बोलू नये हे पण तुमच्या घरात शिकवायची गरज नाही. अडचण वेगळीच आहे. तुला वाटतं वेळ मागितला तर ते चिडतील, नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून तू काहीच बोलत नाहीस. म्हणजे वाईटपणा नको म्हणून जे सगळ्यात वाईट तेच करून राहिली.

तारीख सांग. मला एवढंच सांगायचं आहे, बाकीचं पत्र त्याच्यासाठीच आहे.

मी हिंगणा एमआयडीसीत इतकी वर्षं पोरं घेण्याचंच काम केलं, तर तिकडे काय होतं ते ऐक. तू हो म्हटलं की ती जागा बंद होते. तुझ्यानंतर ज्याचा नंबर होता त्याला नकाराचा मेल जातो. लॅपटॉपची रिक्वेस्ट जाते, ट्रेनिंगच्या बॅचमध्ये नाव लागतं, मॅनेजर क्लायंटला सांगून मोकळा होतो की माणूस मिळाला. आणि जॉइनिंगच्या दिवशी तुझा फोन बंद. कंपनीचं काही वाटून घेऊ नको, कंपनी सावरते. पण तो दुसऱ्या नंबरचा पोरगा अमरावतीचा नाहीतर वर्ध्याचा असतो, तुझ्यासारखाच उन्हाळाभर वाट पाहिलेला, आणि तोपर्यंत तो दुसरीकडे कुठेतरी कमी पगारावर लागून गेलेला असतो. हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलंय, म्हणून पप्पांचं ते "हो सांगून टाक" मला सहन होत नाही.

आता वेळ कसा मागायचा. "थोडा वेळ हवा", "लवकरच कळवते", "घरी विचारून सांगते" यातलं काहीही चालणार नाही. एचआरच्या कानाला हे तिन्ही सारखेच लागतात, पोरगी येत नाही. सरळ म्हण की ऑफरबद्दल आभारी आहे, विचार करायला बुधवार, १७ तारखेपर्यंत वेळ द्या, त्या दिवशी दुपारपर्यंत माझं लेखी उत्तर येईल. संपलं. कारण एका ओळीत, तेही खरं. दुसऱ्या एका ठिकाणची मुलाखत झाली आहे आणि निकाल यायचा आहे, हे सांगण्यात काहीही गैर नाही, नाव सांगायची गरज नाही. चार-पाच दिवस, फार तर आठवडा सहसा देतात, पत्रावर शुक्रवार छापला असला तरी. महिना मागशील तर नाही मिळणार. आणि एकदा मागितलेली तारीख परत पुढे ढकलायची नाही, काहीही होवो.

आजोबांना आजारी पाडू नको. मी इतक्या पोरांचे इतके आजोबा आजारी पडलेले आणि गेलेले ऐकले की विचारू नको, आणि नागपूर केवढं आहे गं? या कंपनीची एचआर त्या कंपनीत गेलेली असते, सगळ्यांचा एकच व्हाट्सअ‍ॅप ग्रुप, आजोबा बर्डीवर खरेदी करताना सापडतात.

तो कन्सल्टंट तुला सारखा म्हणतो ना की आजच हो सांगा, जागा जाईल? त्याच्यावर रागावू नको, पण त्याचं गणित समजून घे. बहुतेक ठिकाणी त्याला फी तू जॉइन झाल्यावर मिळते, साधारण तुझ्या एका महिन्याच्या पगाराएवढी. त्याची घाई त्याची आहे. तुझं उत्तर थेट कंपनीला जाऊ दे आणि त्याला कॉपी.

आणि मिहानवाल्यांना का नाही विचारत? ते "कळवतो" म्हणाले आणि तू आल्यापासून हातावर हात ठेवून बसली. त्यांना पण फोन कर, सांग की माझ्याकडे दुसरी ऑफर आहे, १७ ला उत्तर द्यायचं आहे, तुमचा निर्णय त्याआधी होईल का. हा उद्धटपणा नाही. ज्याला माणूस हवा असतो तो हलतो, ज्याला नको असतो त्याचं पण तुला कळून जातं. तोंडी "हो हो, तुमचं पक्कंच आहे" याच्यावर पुण्याला नाही म्हणू नको, लेखी आल्याशिवाय अजिबात नाही.

तू म्हणशील कंपन्या कुठे शब्द पाळतात? बरोबर आहे. २०२२ च्या बॅचमधल्या कित्येक इंजिनिअर पोरांना ऑफर लेटर हातात देऊन आयटीवाल्यांनी जॉइनिंगसाठी वर्ष-दीड वर्ष, काहींना त्याहून जास्त ताटकळत ठेवलं, पेपरात येत होतं. मग त्यावर उपाय काय, तू पण तसंच करायचं? उपाय हा की त्यांना पण तारीख माग. जॉइनिंग कधी, कोणत्या शहरात, लेखी द्या. जो स्वतः तारीख देतो त्यालाच तारीख मागता येते.

थोडं कायद्याचं, कारण पप्पांनी ते कोर्टाचं काढलं होतं. १८७२ चा करार कायदा आहे, अजून तोच चालतो. त्यात तीन गोष्टी तुझ्या कामाच्या. ऑफरमध्ये मुदत लिहिली असेल तर ती मुदत गेली की ऑफर संपली, म्हणून वेळ मागायचा तो शुक्रवारच्या आधी, शनिवारी नाही. दुसरं, होकार बिनशर्त लागतो. "हो, पण पगार वाढवला तर" हे कायद्यात हो नसतं, ती तुझी नवी ऑफर होते, म्हणून आधी नुसता प्रश्न विचार, होकार त्यात मिसळू नको. तिसरं, तुझा होकार जाईपर्यंत तेही ऑफर मागे घेऊ शकतात. कोणी तुला ओढून नेऊन कामावर बसवू शकत नाही, पण बॉन्ड असेल तर तो नीट वाच, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेची "तीन वर्षं नोकरी, नाहीतर दोन लाख" ही अट मान्य केली आहे.

ते तिसरं, ऑफर मागे घेण्याचं, माझ्यासोबत झालंय. तेव्हा ऑफर पोस्टाने यायची. मला पण पुण्याचीच आली होती, मोठी कंपनी, नाव राहू दे. बाबा तेव्हा मेडिकलला भरती होते, ऑपरेशन व्हायचं होतं. मित्र म्हणाला हो लिहून टाक, जायचं की नाही ते नंतर बघ. मी एसटीडीवरून फोन लावला आणि सांगितलं, ऑपरेशन झालं की २८ तारखेला पक्कं उत्तर देतो. साहेब म्हणाले ठीक आहे. आणि २८ च्या आधीच पत्र आलं की जागा भरली गेली.

मित्राला पण तिथलीच ऑफर होती, तो हो म्हणून गेला, वर्षभरात तिथून पण उडाला, आज त्याचा बाणेरला फ्लॅट आहे. मला फ्लॅटचं काही नाही. काकूला आहे, दिवाळीला त्याचा फोन आला की दोन दिवस ती माझ्याशी तुटक बोलते. तुझे पप्पा पण म्हणतातच की सरळ माणूस हिंगण्यातच राहतो. राहिलो! मग? बाबांच्या उशाशी बसलो होतो तेव्हा डोक्यात खोट्या होकाराचं ओझं नव्हतं, आणि पुढे पोरांना घ्यायला बसलो तेव्हा कोणाला खोटं सांगितलं नाही, ज्याला १० तारीख सांगितली त्याला १० तारखेला फोन गेला, नकार असला तरी. त्याचं बक्षीस वगैरे काही मिळालं नाही. पुणं हुकल्याचं वाईट वाटतं का? वाटतं, रात्री कधीकधी खूपच वाटतं. पण परत तीच वेळ आली तर मी परत २८ च सांगेन, काकूला जे म्हणायचं ते म्हणो.

म्हणून वेळ मागितला तर ऑफर जाऊ शकते हे मी तुझ्यापासून लपवत नाही. सहसा जात नाही, पण जाऊ शकते. पुण्याची ऑफर गेली तर रडू येईल आणि मिहानचं पण आलं नाही तर पप्पा महिनाभर ऐकवतील, हे दोन्ही मनाशी धरूनच फोन कर. एवढी जोखीम नको असेल तर मग पुण्याला मनापासून हो म्हण आणि मिहानवाल्यांना आजच सांगून दे की मी थांबत नाही. तेही चालतं. मधलं चालत नाही.

नाही म्हणायचं ठरलं तर त्याच दिवशी म्हण. आधी फोन, मग मेल, एचआरला आणि ज्याने मुलाखत घेतली त्या मॅनेजरला, कारण त्याने तुझ्यासाठी वेळ काढलेला असतो. आभार, नकार, संपलं. दुसरीकडे किती मिळून राहिले ते सांगायचं नाही, त्यांच्या कंपनीत काय खोट आहे ते तर अजिबात नाही. "का?" विचारतील, "सध्या माझ्यासाठी दुसरा पर्याय जास्त योग्य वाटतो" एवढं पुरे. पगार वाढवून देतो म्हणाले आणि जायचं नसेल तर ऐकत बसू नको, त्यात दोघांचाही वेळ जातो.

आणि घाबरून हो म्हणून बसली असशील (परवा तुझा चेहरा पाहून मला शंका आली) तर जॉइनिंगच्या आधी सांग, जितकं लवकर तितकं बरं, त्या दुसऱ्या नंबरच्या पोराला अजून बोलावता येतं. जॉइन होऊन, चार दिवस बसून, मग पळायचं नाही. पीएफचा यूएएन म्हणजे खात्याचा नंबर, तो नोकरी बदलली तरी एकच असतो, कुठे कधी लागली ते त्यात दिसतं, आणि पुढची कंपनी रिलीव्हिंग लेटर मागते.

इडापिडा घेऊन जाणारी मारबत होऊन गेली, ही भीती पण तिच्यासोबतच पाठवून द्यायला पाहिजे होती तू. फोन गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास कर, शुक्रवारी संध्याकाळी कोणाचं लक्ष नसतं. ठेवला की दहा मिनिटांत मेल टाक, म्हणजे बोलणं कागदावर येईल. मला दाखवायला पाठवू नको, मी त्यात दहा चुका काढीन आणि शुक्रवार उजाडेल. पप्पांना आधी तू सांग, मी नंतर बोलतो. आणि तो कन्सल्टंट परत फोन करेल, त्याला पण हीच तारीख.

तुझा काका