दिवाळीत नाशिकच्या द्राक्षबागेतल्या फार्महाऊसवर राहायला जावं का, की वायनरीचं रिसॉर्टच बरं?

दिवाळीत जाऊ नका. खरं तर एवढं उत्तर पुरे आहे. पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय की इंदूरहून कारने आईवडील आणि मुलांना घेऊन जाणार, एकदम गावरान फार्महाऊस पाहिजे, मुलांना आपल्या हाताने द्राक्षं तोडायला मिळाली पाहिजेत, आणि खाली हळूच विचारलंय की 'शेतात राहायचे एवढे पैसे घेतात ते जस्टिफाय होतं का'. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि गॅस बंद करून लिहायला बसले. माझं माहेर निफाड तालुक्यातलं आणि सासर इथे इंदूरला राजेंद्र नगरात, त्यामुळे हा प्रश्न मी दर गणपतीत जेवणाच्या पंगतीत ऐकते, कोणाकडून ते सांगते पुढे.

आधी दिवाळीचं. नाशिकला वेलींची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलात खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळाची. म्हणजे दिवाळीत तुम्ही पोचाल तेव्हा वेलीवर कोवळी पानं आणि फार तर फुलोरा, द्राक्षाचा मणी म्हणून बघायला नाही. आणि घरातले सगळे आभाळाकडे बघत बसलेले, कारण नेमका तेव्हाच अवकाळी पाऊस येतो आणि डाऊनी, म्हणजे बुरशीचा रोग, पडला की घडाचे घड कुजून गळून जातात. दिवसरात्र फवारणी चालू असते. अशा वेळी पाहुणा म्हणजे त्यांना कटकट आणि तुम्हाला औषधाचा वास. द्राक्षं बघायची तर जानेवारी मध्य ते मार्च. पावसाळ्यात गंगापूर धरणाच्या बाजूला हिरवंगार असतं, फोटो मस्त येतात, पण द्राक्ष नाही.

आता ते पैशाचं.

दिंडोरीकडे माझ्या चुलतभावाची बाग आहे. जास्त करून थॉमसन, खायची द्राक्षं, आणि एका बाजूला थोडी शिराझ, ती करारावर वायनरीला जाते. बागेच्या कडेला त्याने दोन खोल्या काढल्या, साध्याच, कोबा केलेली जमीन, पुढे पडवी, अंघोळीच्या पाण्याला बंब. हा भाऊ माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी चुकत नाही, घरात अंडंसुद्धा शिजत नाही. शिराझ पिकवतो इतकी वर्षं पण त्याची वाइन कशी लागते त्याला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचीही नाही.

तर एका जानेवारीत आम्ही सगळे इंदूरहून तिथे गेलो, सोबत माझी नणंद आणि तिचे मिस्टर. त्यांना आम्ही भाऊजी म्हणतो. मोठा माणूस, बंगला आहे, महूच्या पुढे शेतीही आहे जी बटईने दिलेली आहे आणि जिथे ते हुरडा खायला जातात. गाडीतून उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न, वाइन कुठंय? त्यांना वाटलेलं की प्रत्येक बागायतदार घरी पिंपात वाइन बनवतो. सोबत सेव आणि मसाला काजूचे डबे आणलेले चखण्याला. भावाने हात जोडून सांगितलं की दाजी इथे ते चालत नाही, वायनरी अर्ध्या तासावर आहे, तिथे जाऊन प्या, रात्री परत या, जेवण गरम मिळेल. तेव्हापासून जे तोंड वाकडं झालं ते झालंच.

त्यांना असंही वाटत होतं, आणि अजून वाटतं, की नाशिकची सगळी द्राक्षं वाइनला जातात आणि शेतकरी बसल्याजागी गब्बर झालेत. भाऊजी, हे कधी वाचलंत तर ऐका. नाशिकची बहुतेक द्राक्षं खायचीच असतात, वाइनला जाणारा भाग छोटा आहे. हे वाइनचं प्रकरण कालपरवाचं. राजीव सामंतांनी सुला वायनरी काढली, तिची पहिली वाइन २००० च्या सुमारास आली, २००१ ला सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं आणि मग बाकीचे आले. त्याच्या कितीतरी आधीपासून आमचे आजोबा पेट्या भरून मुंबईला पाठवत होते. वाइनच्या द्राक्षाला एक्सपोर्टच्या थॉमसनएवढा भाव नसतोच, फक्त करार असतो म्हणून रात्रीची झोप लागते. खायच्या मालात व्यापारी गोड बोलून माल उचलतो आणि नंतर फोन बंद. आमच्याकडे हे झालेलं आहे, पैसे बुडाले ते बुडाले.

रात्री थंडी मरणाची. निफाड-दिंडोरी पट्ट्यात पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो हे इंदूरच्या लोकांना सांगून पटत नाही. आणि पिकलेल्या मण्याला पहाटेची तशी थंडी लागली की मणी तडकतो, तडकला की तो घड व्यापारी हातात घेत नाही. म्हणून पहाटे तीन-चारला उठून बागेत ओळींच्या मधे शेकोट्या पेटवतात, ओला पालापाचोळा टाकून धूर धरतात, आणि ड्रिपने पाणी सोडतात. आमच्या भाऊजींना धुराने जाग आली आणि ते माकडटोपी घालून 'आग लागली, आग लागली' करत पडवीत. वहिनी बिचारी तिकडे धुरात उभी राहून डोळे पुसत काटक्या सारतेय, आणि हे इकडे विचारतायत की असं माहीत असतं तर हॉटेल नसतं का घेतलं. मुलं मात्र पांघरुणं घेऊन शेकोटीपाशी जाऊन बसली ती उजाडेपर्यंत उठली नाहीत.

सकाळी चहा झाला आणि भाऊजी फोटो काढत काढत थॉमसनच्या प्लॉटमध्ये शिरले. एक चांगला भरलेला घड मुठीत धरून ओढला. म्हणजे देठ न कापता, हिसका देऊन, काडीसकट. आता तुम्हाला मुलांना द्राक्षं तोडायला लावायचीयेत म्हणून सांगते, घड कधीही मण्यांना हात लावून धरायचा नसतो. मण्यावर पांढरी पावडर असते ना धुक्यासारखी, बोट लागलं की ती पुसली जाते आणि तिथे चकाकतं, तो माल एक्सपोर्टला बाद. वरचा देठ दोन बोटांत धरायचा, कात्रीने कापायचा, आणि क्रेटमध्ये आडवा ठेवायचा. त्यातून तो प्लॉट युरोपच्या मालाचा, औषधाचे अंश तपासायला सॅम्पल लॅबला गेलेलं, रिपोर्ट यायचा होता. त्याच्या आत कोणी तोंडात टाकू नये असा नियम, घरातली पोरंसुद्धा खात नाहीत. भाऊ गप्प राहिला, सोयरा माणूस, काय बोलणार. सुरगाण्याकडून मजुरीला आलेल्या बायका होत्या, त्यातल्या मुकादमीण मावशी काही गप्प बसल्या नाहीत. त्यांनी त्या वेलीचा एकेक घड हाताने औषधात बुडवलेला, विरळणी केलेली, म्हणजे जादाचे मणी काढलेले, त्यांचा जीव तुटणारच. 'ओ शेठ, बाजारात नाही का मिळत?' एवढंच म्हणाल्या, पण सगळ्यांसमोर.

मग निघताना हिशोब. भाऊ म्हणत होता राहू दे, वहिनीने मात्र कागदावर नीट लिहून दिलं, खोल्या, जेवणं, चहा. आणि भाऊजी हसून म्हणाले, शेतात झोपायचे पैसे? आमच्या महूला या, फुकट झोपवतो.

मी तिथेच बोलले आणि अजूनही बोलते. हेच गृहस्थ एका रिसॉर्टला जाऊन आले होते जिथे दारात रिकामी लाकडी पिंपं रचलेली, बैलगाडी रंगवून ठेवलेली, बैल कधी बघितलेला नाही, आणि तिथे दुप्पट-तिप्पट पैसे देऊन आले, वर चार-पाच तारेही दिले. रंगवलेल्या बैलगाडीला पैसे चालतात, पहाटे तीनला उठून पाणी तापवून देणाऱ्या बाईला नाही चालत? एक गारपीट झाली की वर्षाचा लाखोंचा खर्च मातीत जातो, त्या दोन खोल्यांच्या पैशातून मजुरांचा पगार तरी निघतो. तुमच्या महूच्या शेतावर फुकट झोपवता कारण तिथे राबणारा दुसरा आहे भाऊजी.

असो. तुमचा प्रश्न.

रिसॉर्ट वाईट असं नाही म्हणत. वायनरी बघायलाच हवी, टाक्या आणि पिंपांचं तळघर फिरवून दाखवतात, चाखायला देतात, लाल वाइनचा रंग रसाला नाही तर सालीला असतो वगैरे नीट समजावतात. सुला, यॉर्क, सोमा हे सगळे गंगापूर धरणाच्या बाजूला जवळजवळ आहेत, इगतपुरीकडे व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा. दुपारी तिथे जा आणि झोपायला शेतावर या. पण शेत बघून घ्या. फोनवर विचारा की कोणती जात लावलीये आणि फळछाटणी कधी केली. खरा बागायतदार छाटणीची तारीख तोंडपाठ सांगतो, वर पावसाने किती नुकसान झालं तेही ऐकवतो. 'सर इथून व्ह्यू खूप छान आहे' सुरू झालं की समजा तो नुसता प्लॉट आहे, बाग नव्हे. महाराष्ट्राचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते, ती आहे का तेही विचारा.

तुमच्या आईवडिलांचं मात्र मला जरा वाटतं. कमोड आहे का, संडास खोलीला जोडून आहे का, रात्री लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का हे आधी स्पष्ट विचारा, शेतावर सगळीकडे नसतं. गुडघ्यांचा त्रास असेल तर सरळ नाशिक शहरात हॉटेल घ्या आणि दिवसा बागेत जा, ह्यात मला काही कमीपणा वाटत नाही. मुलांना वाइनची द्राक्षं आवडणार नाहीत, बारीक मणी, जाड साल, आत बिया, गोड भरपूर पण थुंकतात. त्यांना थॉमसन किंवा काळी शरद दाखवा.

रस्ता चारशे किमीच्या आसपास आहे, सकाळी पोहे खाऊन निघालात तर संध्याकाळच्या आत पोचता. मानपूर सोडल्यावर घाट उतरताना ट्रकांच्या मधे घुसू नका, उतारावर ब्रेक फेल होतात. चांदवडला नक्की थांबा, होळकरांचा रंगमहाल आहे आणि वर रेणुकामाता. राजवाड्याच्या सावलीत वाढलेल्या इंदूरच्या माणसाने होळकरांचं चांदवड न बघता पुढे जाऊ नये असं माझं मत.

२६ जानेवारीच्या सुट्टीला जोडून जात असाल तर त्या दिवशी ड्राय डे, वायनरीत चाखायला मिळणार नाही. एरवीसुद्धा २१ च्या खालच्या कोणाला देत नाहीत.

आणि दिवाळीशिवाय सुट्टीच मिळत नसेल तर सटाणा-देवळ्याकडचा विचार करा. तिकडे काही जण जून-जुलैतच छाटणी घेतात, अर्ली द्राक्ष म्हणतात त्याला, ती नोव्हेंबर-डिसेंबरात निघते, दिवाळी उशिरा असेल तर सापडेल. तो वाइनचा पट्टा नव्हे आणि राहायच्या सोयी कमी आहेत. ओळखीच्या कोणाला फोन करून जा, रस्त्यात गाडी लावून बागेत शिरू नका.