जुनं पंचेचाळीस घेताना

प्रश्न : काका, मी टेक्सासात केटीला राहते, ग्रीन कार्ड आहे. दोन वर्षं नेमबाजीच्या रेंजवर भाड्याचं ९ एमएम पिस्तूल चालवतेय, आता स्वतःचं घ्यायचंय. ऑफिसातले एक गृहस्थ निवृत्त होतायत, त्यांना त्यांचं ‘पंचेचाळीस कोल्ट’ विकायचंय. स्टेनलेस स्टीलचं, सीरीज ८०, १९९० च्या सुमाराला नवं घेतलेलं. ९०० डॉलर म्हणतात. ‘पाचशेसुद्धा गोळ्या झाडल्या नसतील’ असंही म्हणतात. माझे हात लहान आहेत आणि नवऱ्याचं म्हणणं, एवढं मोठं कशाला? शनिवारी पाहायला जायचंय. नेमकं काय पाहू?

उत्तर : ताई, आधी नाव नीट करून घेऊ, नाहीतर दुकानातून भलतीच काडतुसं घेऊन याल. तुमचं पिस्तूल कोल्ट कंपनीचं आहे, पण त्याचं काडतूस .४५ एसीपी. डब्यावर ‘.४५ ऑटो’ असंही छापतात. ‘.४५ कोल्ट’ हे वेगळंच लांबडं काडतूस, १८७३ च्या रिव्हॉल्वरचं. स्लाइडवर (नळीवरून मागेपुढे सरकणारा वरचा भाग) आणि नळीवर काय कोरलंय ते वाचा आणि तेच मागा.

आता माझी फजिती सांगतो. मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात मामाच्या लेथवर हात काळे करत वाढलो. लोखंड नुसतं बघून पारखतो, असा माज होता. ह्यूस्टनला आल्यावर तिसऱ्या वर्षी एका गृहस्थाकडून असंच एक जुनं १९११ घेतलं (तुमचं कोल्टही याच १९११ नमुन्याचं). निळंशार, आरशासारखं. दाढी करावी त्यात बघून. रेंजवर पहिल्याच दिवशी एकदा चाप ओढला आणि दोन गोळ्या सुटल्या. दुसरी वर छताच्या पॅनेलात. रेंज सांभाळणारा म्हातारा काही बोलला नाही. त्यानं फक्त हात पुढे केला, मी पिस्तूल त्याच्या हातात दिलं. अर्धस्वयंचलित पिस्तूल म्हणजे एका ओढीला एकच गोळी. दोन सुटल्या की ते पिस्तूल नव्हे, अपघात.

घरी उघडून पाहिलं. घोडा (म्हणजे मागचा हॅमर, चाप बोटाखालचा) अडवून धरणारी जी बारीक खिट्टी असते, तिला सिअर म्हणतात. चाप हलका लागावा म्हणून कुणीतरी ती घरच्या घरी दगडावर घासली होती. आणि हे सगळं मला बाहेरूनच दिसायला हवं होतं. स्लाइडवरच्या अक्षरांच्या कडा गोल झाल्या होत्या, पिनांच्या भोकांभोवती बशीसारखे खळगे पडले होते. म्हणजे आधीचा गंज, ओरखडे सगळं पॉलिशच्या चाकावर उडवून वर नवा रंग चढवलेला. उद्यमनगरातला नवखा पोरगाही ओळखेल. मी चकाकीला भुललो. तुमचं स्टेनलेस आहे, म्हणजे लपवणं आणखी सोपं. पुन्हा रंग चढवायचीही गरज नाही, चाक फिरवलं की झालं. तेव्हा पहिली नजर अक्षरांवर. कडा नखाला लागल्या पाहिजेत. मग स्क्रूंची डोकी. ती कुरतडलेली असतील तर आत कोणाचा तरी हात गेलाय. डाव्या बाजूला स्लाइड स्टॉपखाली (स्लाइड मागे अडकवून धरणारी खिट्टी) धनुष्यासारखा एक ओरखडा बऱ्याच १९११ वर असतो. जोडताना घाई केल्याची खूण, त्याला घाबरू नका. किंमत पाडायला मात्र उपयोगी पडतो. सिरीयल नंबर खरवडलेला दिसला तर बोलणं तिथंच थांबवा.

हात लावण्याआधी एक क्रम पाळा. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे. उलटं केलंत तर स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधलं काडतूस नळीत शिरतं आणि तुम्हाला वाटतं रिकामं केलं. स्लाइड मागे अडकवून आत डोळ्यानं पाहा आणि करंगळी घालूनही पाहा. विकणारा ‘रिकामंच आहे हो’ म्हणाला तरी पाहा. मग परवानगी मागा, रिकामा चाप ओढू का म्हणून. सोबत प्लॅस्टिकची डमी काडतुसं न्या, चार-पाच पुरतात.

आता खरी परीक्षा. घोडा चढवा. चापाला न शिवता अंगठ्यानं घोडा मागून पुढे जोरात ढकला, अंगठा तिथंच ठेवून. पडता कामा नये. माझा पडला असता, पण मी ढकललाच नव्हता. मग अंगठ्याची सेफ्टी वर करा, चाप चांगला दाबा, सोडा. आता सेफ्टी खाली करा. घोडा जागचा हलला नाही ना? मग तो कानाजवळ धरून अंगठ्यानं जरासा, अगदी केसभर, मागे ओढा. बारीकसा ‘टिक’ ऐकू आला तर चाप दाबताना सिअर थोडी सरकली होती, म्हणजे सेफ्टी नीट बसवलेली नाही. हा टिक ऐकायला खोलीत टीव्ही बंद हवा, आधीच सांगून ठेवा.

मुठीच्या पाठीमागे दुसरी सेफ्टी आहे, ग्रिप सेफ्टी. ती न दाबता, पिस्तूल दोन बोटांत धरून चाप ओढा. काही व्हायला नको. लहान हातांसाठी याचीच उलट बाजूही पाहायची. तुम्ही नेहमीसारखी पकड घेतलीत की ती दर वेळी पूर्ण दबते का? उंच पकड घेणाऱ्यांच्या तळव्यात पोकळी राहते आणि ऐन वेळी पिस्तूल मुकं बसतं. दहा वेळा उचलून पाहा. मग स्लाइड पाव इंच मागे धरून चाप ओढा. घोडा पडला तर डिस्कनेक्टर, म्हणजे स्लाइड पुरती पुढे आल्याशिवाय चाप लागू न देणारा भाग, गेलेला. शेवटी मॅगझिनमध्ये डमी भरा, स्लाइड मागून सोडा, आणि ती आपटल्यावर घोडा चढलेलाच राहतो का ते पाहा. हे चार-पाचदा. रिकाम्या नळीवर मात्र स्लाइड आपटू नका. १९११ चे मालक त्यावरून भांडायला उठतात आणि त्यांचं बरोबर आहे.

सीरीज ८० मध्ये १९८३ पासून आणखी एक अडसर आहे, फायरिंग पिन अडवणारा. पिस्तूल खाली पडलं तरी पिन पुढे जाऊ नये म्हणून. पिस्तूल उघडल्यावर स्लाइडमधली पिन मागून टाचणीनं ढकला. पुढे यायला नको. स्लाइडच्या खालच्या अंगाला जे छोटं बटण दिसतं ते दाबून ढकला. आता यायला हवी. चाप हलका व्हावा म्हणून काही जण हे भाग काढून टाकतात. काढलेले असतील तर मी घेणार नाही.

उघडलंय तर नळीत टॉर्च मारा. पीळदार चर टोकदार हवेत. आत एखादी कड्यासारखी गोल सावली दिसली तर नळी तिथं फुगलेली आहे. कधीतरी एक गोळी अडकली आणि मागून दुसरी झाडली. नळीच्या पाठीवरचे लग, म्हणजे स्लाइडमध्ये अडकणारे उंचवटे, चौकोनी धारेचे हवेत. गोल झालेले असतील तर स्लाइड बंद होताना ते नीट बसत नाहीत. जोडलेल्या पिस्तुलाच्या, पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीतून नळीच्या मागच्या टोकावर अंगठा दाबून पाहा. स्प्रिंगसारखं खाली बसलं तर नळी नीट बसवलेली नाही. स्लाइड हलवल्यावर जरा खडखडते एवढ्यावरून मात्र नाकारू नका. लष्करी १९११ खडखडायचीच, आणि ती १९११ पासून १९८५ पर्यंत अमेरिकन सैन्यात टिकली.

‘पाचशे गोळ्या’ हे वाक्य मी आजवर इतक्यांदा ऐकलंय की ते मोजमाप नव्हे, नमस्कारासारखं म्हणायचं असतं असं मला वाटतं. सांगाडाच (फ्रेम, म्हणजे स्लाइडखालचा भाग) खरं बोलतो. डावीकडे स्लाइड स्टॉपच्या भोकावर रेलचा एक पातळ तुकडा असतो, तिथं नख फिरवा. तडा असेल तर तो धोक्याचा नाही, पण पाचशे गोळ्यांत तो पडत नाही. (काही कोल्टमध्ये कंपनीनंच तेवढा तुकडा कापलेला असतो, तो तडा समजू नका.) स्लाइड परत पुढे आणणारी रिकॉइल स्प्रिंग कशीही असली तरी नवी टाका, मूळ मापाची १६ पौंडांची. एका जेवणापेक्षा स्वस्त येते. तीस वर्षांच्या मऊ स्प्रिंगवर स्लाइड सांगाड्यावर घणासारखी आपटते.

तुमच्या नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर. .४५ ची नेहमीची गोळी २३० ग्रेनची, सुमारे १५ ग्रॅम. तुमच्या ९ एमएमची ११५ ची, म्हणजे निम्मी. पण .४५ चा दाब कमी आहे, कमाल २१,००० पीएसआय. ९ एमएमचा ३५,०००. शिवाय हे पिस्तूल रिकामंच अकराशे ग्रॅम भरतं. त्यामुळे ते फटका मारत नाही, ढकलतं. पुष्कळांना ते जास्त सोसतं, पण ऐकीव गोष्टीवर ९०० डॉलर टाकू नका, आधी रेंजवर एखादं भाड्यानं घेऊन ५० गोळ्या झाडा. हाताच्या मापाचं म्हणाल तर मॅगझिनमध्ये काडतुसं एकाच रांगेत, मूळची सात, म्हणून मूठ बारीक. लहान हातांना हे नव्या जाडजूड पिस्तुलांपेक्षा बरं बसतं. अडचण येते स्लाइड ओढताना. त्याला युक्ती आहे : आधी घोडा चढवा, मग स्लाइड ओढा. जोर लक्षात येण्याइतका कमी लागतो. खर्चाचं मात्र नवऱ्याला खरं सांगा, .४५ ची काडतुसं बऱ्याचदा ९ एमएमच्या दुपटीच्या आसपास जातात.

विकणारे गृहस्थ तयार असतील तर एकत्र रेंजवर जा. पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच गोळी, मग दोन. माझ्या छताच्या पॅनेलानं शिकवलेलं आहे हे. त्यानंतर पूर्ण भरा. रिकामी पुंगळी उचलून पाहा, पिनेचा खड्डा मधोमध हवा. पुंगळ्या तुमच्या कपाळावर येत असतील तर बहुधा एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या आकडीचा, ताण बिघडलाय. दुरुस्त होतं, किंमतीतून वळते करा. आणि मॅगझिनं किती मिळणार ते पत्रात लिहिलेलं नाहीत. काडतूस अडकतं तेव्हा दहापैकी सात वेळा पिस्तूल निर्दोष असतं, मॅगझिनचे ओठ वाकलेले असतात. हा आकडा माझ्या गॅरेजातला, शास्त्रातला नव्हे.

टेक्सासातल्याच दोघांमध्ये खाजगी विक्रीला दुकानदार लागत नाही. तरी मी म्हणेन, थोडी फी देऊन परवानाधारक दुकानदाराकडूनच नावावर करून घ्या. फेडरल सरकारचा ४४७३ नंबरचा खरेदीचा फॉर्म भरावा लागेल, ग्रीन कार्ड आणि टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स सोबत न्या.

९०० बद्दल : वरचं सगळं पार पडलं तर द्या. सेफ्टीच्या परीक्षेत एकही नापास झालं तर ४०० लाही घेऊ नका. त्यापेक्षा फिलिपिन्समध्ये बनलेलं नवं १९११ स्वस्तात मिळतं. गंमत आहे बघा, फिलिपिन्सच्या लढाईत .३८ ची गोळी कमी पडते म्हणून अमेरिकेनं १९०४ मध्ये चाचण्या घेतल्या, त्यातून .४५ आलं, आणि आज स्वस्तातलं .४५ तिथूनच येतं.

प्रश्न : काका, .५० चं डेझर्ट ईगल कसं? सिनेमात असतं ते. – फिनिक्स

उत्तर : दोन किलो वजन. रेंजवर भाड्यानं घ्या, सात गोळ्या झाडा, फोटो काढा, परत द्या. घेणारच असाल तर एवढं ध्यानात ठेवा, ते बाकी पिस्तुलांसारखं नुसत्या धक्क्यावर चालत नाही, नळीतल्या गॅसवर चालतं. उघड्या शिशाच्या गोळ्या घातल्यात तर गॅसचं भोक बुजतं. जुनं बघताना पहिला प्रश्न हाच विचारा, आतापर्यंत कसल्या गोळ्या झाडल्या.

प्रश्न : मी एच-१बी वर आहे. मित्र अमेरिकन नागरिक. त्याच्या नावानं पिस्तूल घेऊन माझ्याकडे ठेवलं तर? – डॅलस

उत्तर : नाही. तुम्ही पैसे देणार आणि तो फॉर्मवर ‘माझ्यासाठीच घेतोय’ म्हणून सही करणार, हा फेडरल गुन्हा, त्याचा. आणि ते घरात बाळगणं हा तुमचा. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना पिस्तूलच काय, काडतूसही बाळगायला बंदी आहे. वैध शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. रेंजवर भाड्यानं घेणंसुद्धा याच बंदीत येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय मित्राच्या आग्रहाला बळी पडू नका.

याच पत्रात तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात पुण्याला जाणार आहात. ज्यांच्याकडे रेंजची बॅग आहे त्या सगळ्यांनीच हे वाचावं. अस्तरात विसरलेलं एक जिवंत काडतूस भारतातल्या विमानतळावर एक्स-रेत दिसलं की आर्म्स अ‍ॅक्टची केस होऊ शकते. माझी रेंजची बॅग गॅरेजात खिळ्याला टांगलेली असते. बायकोनं तिला साडीच्या काठाची लाल चिंधी बांधून ठेवली आहे, चुकूनही कोणी कपडे भरू नयेत म्हणून.