मणका की मेरुरज्जू, आणि 'आजारांवर' मधला 'वर'

प्रश्न असा आलाय की 'बार्बिच्युरेट शामकाचे मेरुरज्जूच्या आजारांवर संशोधन' हे सोपं करून 'मणक्याच्या आजारांवर गुंगीच्या औषधाचे संशोधन' असं लिहिलं तर चालेल का. मला नाही वाटत चालेल. (बार्बिच्युरेट म्हणजे मेंदू शांत करून झोप आणणाऱ्या औषधांचा एक गट.)

मणका म्हणजे हाड. त्या हाडांच्या पोकळीतून मज्जातंतूंची जी दोरी खाली उतरते ती मेरुरज्जू, मोठ्या माणसात साधारण ४५ सेंटिमीटर, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते सुद्धा. माझ्या आत्याला ब्लाउजचे हुक लावता येईनात, बोटं ऐकेनात, आणि घरात सगळे 'मणक्याचा त्रास आहे, शेक घे' म्हणत बसलो. एमआरआयमध्ये कळलं की मानेतल्या मेरुरज्जूवर दाब आलाय. एका शब्दाने आम्ही दुखणं हाडाचं धरून बसलो होतो, म्हणून हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. आणि हो, पृष्ठरज्जू पण लिहू नका, शाळेच्या पुस्तकात तो नोटोकॉर्डसाठी, म्हणजे भ्रूणाच्या पाठीकडच्या आधार देणाऱ्या दांड्यासाठी आहे.

आता 'वर'. खोकल्यावर अडुळसा, तापावर काढा, म्हणजे आपल्याकडे आजारावर औषध म्हटलं की तो उपायच झाला. पण या विषयात बार्बिच्युरेट बऱ्याचदा उपाय म्हणून नसतं, प्रयोगातल्या प्राण्याला भूल म्हणून असतं. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला चेताशास्त्रज्ञ जॉन एक्लस यांनी पेंटोबार्बिटल या बार्बिच्युरेटची भूल दिलेल्या मांजरांच्या मेरुरज्जूतल्या पेशींचे विद्युत संकेत मोजले, १९६३ चं नोबेल त्याच कामाच्या वाटेवरचं. आणि हे औषध गाबा या, चेतापेशींना शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवतं, त्याने मेरुरज्जूतले संकेत दबतात, त्यामुळे दिसलं ते आजारामुळे की भुलीमुळे हे वेगळं काढावं लागतं. म्हणून मूळ लेखात औषध भूल म्हणून असेल तर 'मेरुरज्जूच्या आजारांच्या संशोधनात बार्बिच्युरेटचा वापर' असं लिहा, खरंच उपचार तपासत असतील तरच 'वर' ठेवा.

'गुंगीचं औषध' म्हटलं की मला तरी आधी रेल्वेत बिस्किटातून देऊन लुटल्याची बातमी आठवते. शामक चांगला शब्द आहे, पित्तशामक, अग्निशामक मधला तोच, शांत करणारा. फक्त हेच औषध जास्त मात्रेत दिलं की झोप आणि त्याहून जास्त दिलं की भूल, तेव्हा प्रयोगाच्या वर्णनात सरळ भूल म्हणा. बार्बिच्युरेट मात्र तसंच राहू द्या.